विश्लेषण : परत येणाऱ्या ई-मेलचे नियम किती कडक हवेत? जॉन पोस्टेल यांच्या ‘उदार’ सूत्राची कहाणी

चुकीच्या पत्त्यावर ई-मेल पाठवला की थोड्याच वेळात ‘मेलर-डीमन’ अशा विचित्र नावाने एक रुक्ष उत्तर येते : मेल पोचवता आला नाही. तंत्रज्ञ याला ‘बाउन्स’ म्हणतात. हे उत्तर आले की आपण वैतागतो, पण खरा घोळ होतो तो हे उत्तर न आल्यावर. नोकरीचा अर्ज किंवा निविदेची कागदपत्रे गेली, असे पाठवणारा धरून चालतो आणि तिकडे काहीच पोचलेले नसते. मेल नाकारला तर कळवायचे कोणी आणि कोणाला? समोरच्या सर्व्हरने नियम मोडला तर त्याला सांभाळून घ्यायचे की दार लावायचे? मेल सर्व्हरचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांमध्ये हा वाद चाळीस वर्षांहून अधिक काळ सुरू आहे. त्यात दोन्ही बाजू ज्यांचे नाव घेतात, ते म्हणजे जॉन पोस्टेल. ई-मेल पोचवण्याचा नियमही त्यांनीच लिहिला आणि दुसऱ्याच्या चुका पोटात घालण्याचे प्रसिद्ध सूत्रही त्यांचेच.

कोण होते जॉन पोस्टेल?

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजेलिस परिसरातील व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये ते शिकले. पुढे इंटरनेटच्या इतिहासात ज्यांची नावे वारंवार येतात, ते व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी. पोस्टेल यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून, म्हणजे ‘यूसीएलए’मधून, १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

ते योग्य वेळी योग्य खोलीत होते, असे म्हणता येईल. लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या ज्या प्रयोगशाळेत १९६९ मध्ये ‘अर्पानेट’चे पहिले यंत्र बसले, तिथे पोस्टेल विद्यार्थी म्हणून काम करत होते. नेटवर्कचे नियम ठरवायला तेव्हा कोणी मंडळ नव्हते. विद्यार्थीच आपापसात टिपणे लिहून फिरवत. त्यातले पहिले टिपण क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिले. आपण कोणावर नियम लादतो आहोत असे वाटू नये म्हणून त्यांनी या टिपणांना ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे अभिप्रायासाठी विनंती, असे नाव दिले. ‘आरएफसी’ हे त्याचे लघुरूप आजही चालू आहे आणि इंटरनेटचे जवळपास सगळे नियम याच नावाखाली सापडतात. नाव विनंतीचे, काम कायद्याचे. हा विरोधाभास पोस्टेल यांच्या आयुष्यभर त्यांच्या सोबत राहिला.

या टिपणांचे संपादन पोस्टेल यांच्याकडे आले आणि मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. दुसरे कामही त्यांनी जवळजवळ स्वतःहून अंगावर घेतले. नेटवर्कवरच्या कोणत्या सेवेला कोणता क्रमांक द्यायचा, याचा मेळ कोणीतरी ठेवायला हवा होता. मे १९७२ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी हे क्रमांक वाटणारा एक ‘झार’ असावा असे सुचवले आणि तो मीच होऊ का, असेही अर्धवट गमतीत विचारले. कोणी हरकत घेतली नाही. पुढची २६ वर्षे ती नोंदवही त्यांच्याकडेच होती. लांब दाढी आणि पायात सँडल, अशा वेशातला हा माणूस कधी कंपनीचा मालक झाला नाही. १९७७ मध्ये तो मरीना डेल रे येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला आणि तिथूनच सारा कारभार पाहत राहिला.

नकोशा मेलची चिंता १९७५ मध्ये?

पोस्टेल म्हणजे सगळ्यांना सगळे चालवून घेणारे गृहस्थ, अशी समजूत करून घेतली तर त्यांचे एक छोटे टिपण आड येते. नोव्हेंबर १९७५ मध्ये, म्हणजे स्पॅम हा शब्द या अर्थाने रुळण्याच्या बऱ्याच आधी, त्यांनी ‘जंक मेल’च्या समस्येवर जेमतेम एक पान लिहिले. हा आरएफसी ७०६. नेटवर्कवरचे एखादे यंत्र बिघडले किंवा नुसतेच त्रास देऊ लागले, तर त्याच्याकडून येणारे संदेश निवडकपणे नाकारण्याची सोय दुसऱ्या यंत्राकडे नाही, अशी त्यांची तक्रार होती. नको असलेला संदेशही आधी घ्यावा लागतो, मग वाचावा लागतो आणि त्यानंतरच टाकता येतो. त्या तेवढ्या कामानेच यंत्राचा दम निघतो. उपाय म्हणून त्यांनी नाकारण्याचे काम नेटवर्कच्या दारातच व्हावे असे सुचवले. ही सूचना तेव्हा मागेच राहिली. दारात नाकारा, घरात घेऊन मग फेकू नका, हा मुद्दा मात्र पुढे बाउन्सच्या संदर्भात फार महागात पडणार होता.

उदारतेचे सूत्र कसे जन्माला आले?

१९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘टीसीपी’ आणि ‘आयपी’ या नव्या प्रोटोकॉलची घडण सुरू होती. वेगवेगळ्या संस्थांतले गट एकच कागद वाचून आपापले सॉफ्टवेअर लिहीत होते आणि अर्थातच प्रत्येकाने तो कागद थोडा वेगळा वाचला होता. कोणाचे बरोबर हे ठरवायचा एकच मार्ग होता : सगळ्यांना एकमेकांशी जोडून पाहायचे. २७ आणि २८ जानेवारी १९७९ या दोन दिवशी मरीना डेल रे येथे सहा गटांच्या सॉफ्टवेअरचा असा सामना झाला. या सामन्यांना पाककृतींच्या स्पर्धेवरून ‘बेक ऑफ’ म्हणत.

सामन्याचे नियम पोस्टेल यांनी पुढे प्रसिद्ध केले. त्यातली गुणपद्धती वाचताना हसू येते. मुष्टियुद्धासारखे वजनी गट पाडले होते. स्वतःच्याच यंत्राशी बोलता आले तर एक गुण, दुसऱ्याशी बोलता आले तर जास्त. सर्वांत मोठे बक्षीस होते ते प्रतिस्पर्ध्याचे सॉफ्टवेअर कोलमडवण्याला. नियमात बसणारे संदेश पाठवून कोलमडवले तर ३० गुण आणि वाकडेतिकडे संदेश पाठवून कोलमडवले तर २०. समोरच्याची चूक पकडण्याची तपासणी बंद आहे, हे दाखवून दिले तरी गुण मिळत. म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणारे सूत्र लिहिणारा माणूस त्याच सुमारास एकमेकांना पाडण्याचे गुण मोजत होता.

या अनुभवातून आलेले सूत्र जानेवारी १९८० मध्ये छापील स्वरूपात आले. ‘आयपी’च्या दस्तऐवजात त्याचा आशय असा होता : आपण संदेश पाठवताना काटेकोर राहावे आणि दुसऱ्याचा संदेश घेताना मन मोठे ठेवावे. ‘टीसीपी’च्या दस्तऐवजात तर याला स्वतंत्र मथळाच मिळाला. पुढे हे ‘पोस्टेलचे सूत्र’ म्हणून प्रसिद्ध झाले.

इथे एक अट होती आणि ती बहुतेकांच्या लक्षात राहिली नाही. तांत्रिक चुकीकडे काणाडोळा करायचा, तो संदेशाचा अर्थ तरीही स्पष्ट असेल तरच. पत्रावर ‘पूणे’ असे लिहिले तर पोस्टमनने पत्र पुण्यालाच न्यावे. पण गावाचे नावच नसेल तर त्याने अंदाजाने कोल्हापूर गाठू नये. सूत्राचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे आपण पाठवताना काटेकोर राहण्याचा, तर सर्वांनी सोयीस्करपणे विसरायचेच ठरवले असावे.

ई-मेलच्या नियमात बाउन्स कुठे बसतो?

ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांचा आरएफसी ८२१ निघाला : सिम्पल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजेच ‘एसएमटीपी’. त्याआधी दोन वर्षे त्याचे कच्चे खर्डे निघत होते आणि पहिल्या खर्ड्यावर पोस्टेल यांच्यासोबत सुझन स्लुइझर यांचेही नाव होते. आजही एका कंपनीच्या सर्व्हरवरून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर मेल जातो तो याच भाषेत, थोड्याफार सुधारणांसह.

या भाषेची कल्पना टपालाचीच आहे. आतले पत्र वेगळे आणि बाहेरचे पाकीट वेगळे. पाकिटावर पाठवणाऱ्याचा परतीचा पत्ता असतो आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. सर्व्हर फक्त पाकीट वाचतो. प्रत्येक वाक्याला समोरचा सर्व्हर तीन अंकी उत्तर देतो. २ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे ठीक आहे. ४ ने सुरू होणारे म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर पुन्हा या. ५ ने सुरू होणारे म्हणजे कायमचा नकार, पुन्हा येऊ नका. मेल पूर्ण घेऊन झाल्यावर सर्व्हरने २५० म्हटले की जबाबदारी त्याची. नंतर त्याला कळले की असा वापरकर्ता आपल्याकडे नाहीच, तर पाकिटावरच्या परतीच्या पत्त्यावर मेल पोचला नसल्याची सूचना पाठवणे त्याच्यावर बंधनकारक. बाउन्सचा जन्म हा असा.

आता पेच पाहा. सूचना हाही एक मेलच. ज्या पत्त्यावर ती पाठवली, तो पत्ताही चुकीचा असेल तर? मग ती सूचना पोचली नाही अशी दुसरी सूचना उलट दिशेने निघणार, तीही पोचणार नाही आणि तिसरी निघणार. दोन सर्व्हर एकमेकांकडे रात्रभर चेंडू टोलवत बसतील. पोस्टेल यांनी यावर साधा उपाय सुचवला. बाउन्सच्या पाकिटावर परतीचा पत्ता कोराच ठेवायचा, नुसता रिकामा कोनी कंस. परतीचा पत्ताच नाही म्हटल्यावर तो बाउन्स पोचला नाही तरी पुढची सूचना कोणाला पाठवण्याचा प्रश्न उरत नाही. चेंडू तिथेच थांबतो.

उपाय उत्तम होता, पण त्याच दस्तऐवजात एक गफलत राहून गेली. वर्णनात कोरा पत्ता चालेल असे सांगितले होते, उदाहरणही दिले होते. मात्र मागे दिलेल्या औपचारिक व्याकरणात परतीच्या पत्त्यात काहीतरी मजकूर असायलाच हवा, अशी रचना होती. म्हणजे एखाद्या प्रोग्रामरने व्याकरण अक्षरशः पाळले तर त्याचा सर्व्हर नियमात बसणारे सगळे बाउन्स नियमबाह्य म्हणून फेटाळणार. कडक राहावे तर मेल हरवल्याची बातमीच हरवते. उदार राहावे तर व्याकरण मोडते. पोस्टेल यांच्या सूत्राची परीक्षा पाहणारे इतके नेमके उदाहरण पोस्टेल यांच्याच कागदात सापडावे, हा योगायोग मोठा आहे.

दुरुस्ती व्हायला सात वर्षे लागली. ऑक्टोबर १९८९ मध्ये निघालेल्या आरएफसी ११२३ ने मूळ व्याकरणात कोरा पत्ता राहून गेल्याचे नोंदवून तो स्वीकारणे सक्तीचे केले. बाउन्स नेहमी कोऱ्या पत्त्यानेच पाठवायचा आणि कोऱ्या पत्त्याने आलेल्या मेलला कधीही बाउन्स पाठवायचा नाही, हेही स्पष्ट केले. एकदा मेल स्वीकारल्यावर यंत्र बंद पडले वगैरे फुटकळ कारणाने तो हरवता कामा नये, असेही त्यात आले. तात्पुरता नकार मिळाला तर किमान चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, मगच हात टेकावेत. या दस्तऐवजाचे संपादन पोस्टेल यांचे संस्थेतील सहकारी बॉब ब्रेडन यांनी केले. त्याच्याच जोडीच्या आरएफसी ११२२ मध्ये ‘उदारते’चा अर्थही घट्ट केला गेला : समोरून शक्य ती प्रत्येक चूक येईल, नेटवर्क दुष्ट हेतूच्या लोकांनी भरलेले आहे असे समजूनच सॉफ्टवेअर लिहावे. उदार म्हणजे भाबडे नव्हे.

मग पोस्टेल कडक कधी होत?

दोन ठिकाणी. एक, संपादक म्हणून. संदिग्ध मसुदे ते परत पाठवत. त्यांच्या हयातीत सुमारे २,४०० आरएफसी निघाले आणि त्यातल्या दोनशेहून अधिकांवर लेखक म्हणून त्यांचे नाव आहे. भाषा साधी, वाक्ये आखूड, उदाहरणे भरपूर, हा आरएफसींचा घाट बराचसा त्यांनीच घडवला.

दुसरे ठिकाण म्हणजे अर्पानेटला जुन्या प्रोटोकॉलवरून नव्या ‘टीसीपी’वर नेण्याचे काम. त्याची योजना पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये मांडली आणि अंतिम तारीख होती १ जानेवारी १९८३. संस्था चालढकल करत राहिल्या. तेव्हा १९८२ च्या मध्याला नेटवर्क चालवणाऱ्यांनी जुना प्रोटोकॉल एक दिवस चक्क बंद करून टाकला आणि वर्षअखेरीकडे पुन्हा दोन दिवस. ज्यांची तयारी नव्हती त्यांचा संपर्क तुटला, आरडाओरडा झाला आणि कामाला वेग आला. नववर्षाच्या दिवशी बदल झाला तो झालाच.

हे शक्य झाले कारण नेटवर्क लहान होते. कोणाचे यंत्र चुकते आहे हे कळत होते आणि तिथल्या माणसाला फोन करता येत होता. एसएमटीपीच्याच महिन्यात निघालेल्या आरएफसी ८२२ ने मेल घेणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ‘पोस्टमास्टर’ नावाचा पत्ता असणे बंधनकारक केले होते. त्या पत्त्यामागे खरा माणूस असणार, हे गृहीत होते. उदारतेचे सूत्र लिहिले गेले ते या जगात. समोरच्याची चूक आज पोटात घालायची, पण उद्या त्याला फोन करून सांगायचीही.

भारताशी त्यांचा संबंध काय?

क्रमांकांच्या नोंदवहीला पुढे ‘आयाना’ असे नाव पडले. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांची पद्धत मांडल्यावर देशांची लघुनामे कोणाच्या हाती सोपवायची हेही पोस्टेल यांच्याकडे आले. अमुक देश हा देश आहे की नाही, हे ठरवणे आपले काम नाही, अशी त्यांनी भूमिका घेतली आणि आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची तयार यादी वापरली. या नोंदवहीत ‘.इन’ची नोंद ८ मे १९८९ ची आहे. ते सोपवले गेले मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे ‘एनसीएसटी’कडे. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने इंटरनेट खुले केले ते त्यानंतर सहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. २००५ मध्ये नवे धोरण येऊन ‘निक्सी’कडे कारभार जाईपर्यंत भारतातल्या प्रत्येक ‘.इन’ पत्त्याचा, म्हणजे त्या पत्त्यावर येणाऱ्या मेलचाही, रस्ता मुंबईतल्या त्या संस्थेने ठेवलेल्या नोंदीतून जात होता.

सर्व्हर लिहिणाऱ्यांनी सूत्राचे काय केले?

बर्कले येथे एरिक ऑलमन यांनी लिहिलेले ‘सेंडमेल’ १९८० च्या दशकात घरोघरी, खरे तर विद्यापीठोविद्यापीठी, पोचले. त्या काळी मेलची अनेक जाळी होती आणि प्रत्येकाची पत्ते लिहिण्याची तऱ्हा वेगळी. सेंडमेल कसलाही पत्ता घेई आणि दुसऱ्या जाळ्याला कळेल असा करून देई. ही उदारता नसती तर तेव्हाची ई-मेल एकत्र आलीच नसती, हे मान्य करावे लागते. पण त्याची किंमतही होती. चुकीचे मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला आपली चूक कधी कळलीच नाही, कारण मेल तर पोचत होता. काही वर्षांनी ती चूकच रूढी झाली आणि नव्याने सर्व्हर लिहिणाऱ्याला नियमाबरोबर चुकांचीही यादी सांभाळावी लागली. पुढे २०११ मध्ये खुद्द ऑलमन यांनी लेख लिहून या सूत्राचा फेरविचार मांडला.

दुसऱ्या टोकाला डॅनियल बर्नस्टाइन यांचे ‘क्यूमेल’ होते. त्याची १.० आवृत्ती १९९७ मध्ये आली. ओळीचा शेवट नियमाप्रमाणे केला नाही तर क्यूमेल मेल घेतच नसे. बाउन्सबाबत मात्र त्याची पद्धत मूळ नियमाला धरून असली तरी गोत्यात आणणारी ठरली. ते मेल आधी घेई, वापरकर्ता आहे की नाही हे नंतर पाही आणि नसेल तर बाउन्स पाठवी. १९८२ मध्ये यात काही वावगे नव्हते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस स्पॅमने हे चित्र पालटवले. स्पॅम पाठवणारा पाकिटावर स्वतःचा परतीचा पत्ता कशाला लिहील? तो कोणा तिऱ्हाइताचा पत्ता टाकतो. लाखो मेल चुकीच्या पत्त्यांवर जातात, तिकडचे सर्व्हर प्रामाणिकपणे बाउन्स काढतात आणि ते सगळे बाउन्स त्या बिचाऱ्या तिऱ्हाइताच्या अंगावर येऊन कोसळतात. याला ‘बॅकस्कॅटर’ म्हणतात. नियम पाळणारा सर्व्हरच इथे स्पॅमरचा हस्तक होतो.

यावर अनेक प्रशासकांनी झटपट उपाय शोधला. कोऱ्या परतीच्या पत्त्याने येणारा मेल सरसकट नाकारायचा. त्रास थांबला, पण खरे बाउन्सही थांबले. आपल्याच कर्मचाऱ्याने पाठवलेला मेल पोचला नाही, हे त्याला आता कधीच कळणार नव्हते. चिडलेल्या दुसऱ्या गटाने बाउन्स न घेणाऱ्या डोमेनांच्या याद्या काढल्या आणि अशांचा मेल आम्हीही घेणार नाही, असा पवित्रा घेतला. यात नियम पाळायला लावण्याचा हेतू चांगला असला तरी मार खात होता तो तिसराच : ज्या सामान्य वापरकर्त्याला आपल्या कंपनीच्या सर्व्हरची ही मांडणी ठाऊकही नव्हती, त्याचा मेल.

या भांडणात पोस्टेल कोणाच्या बाजूने उभे राहिले असते, याचे तयार उत्तर देणे धाडसाचे आहे. पण १९७५ च्या त्या एका पानात मार्ग होता. मेल आत घेण्याआधी, दारातच वापरकर्ता आहे का ते पाहायचे आणि नसेल तर ५५० म्हणून तिथेच नाकारायचे. मग कळवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्या सर्व्हरवर राहते आणि तिऱ्हाइताच्या अंगावर काही पडत नाही. आज बहुतेक नीट चालवलेले सर्व्हर हेच करतात.

शेवटचे वर्ष वादळी का ठरले?

१९९८ पर्यंत डोमेन नावे हा पैशांचा धंदा झाला होता. त्यांची मूळ यादी अमेरिकी सरकारशी करार असलेल्या नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीच्या सर्व्हरवर होती. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ सर्व्हरांच्या आठ चालकांना मेल पाठवून यापुढे यादी कंपनीच्या सर्व्हरवरून न घेता आयानाच्या सर्व्हरवरून घ्या, असे सांगितले. त्यांनी तसे केलेही. जगभरच्या वापरकर्त्यांना काही जाणवले नाही, कारण दोन्हीकडची यादी सारखीच होती. व्हाइट हाउसला मात्र जाणवले. अध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हस्तक्षेप केला आणि आठवडाभरात सारे पूर्ववत झाले. पोस्टेल यांनी याला चाचणी म्हटले. त्याच आठवड्यात अमेरिकी सरकारने डोमेन कारभाराविषयीचा आपला मसुदा प्रसिद्ध केला.

क्रमांकांचा झार होऊ का, असे गमतीत विचारणाऱ्या माणसाकडे खरोखरच किती सत्ता होती, हे त्या आठवड्यात दिसले. ती कोणत्याही कायद्याने दिलेली नव्हती. आठ माणसांनी विश्वासाने एक मेल मानला, एवढेच तिचे मोल होते आणि सरकारला खटकले तेही तेच. वर्षअखेरीस ‘आयकॅन’ ही नवी संस्था उभी राहत होती आणि पोस्टेल तिच्या उभारणीत गुंतले होते. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय ५५. दुसऱ्या दिवशीची तारीख असलेला आरएफसी २४६८ हा व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला त्यांच्यावरचा मृत्युलेख होता.

त्यांच्यानंतर नियम कडक झाले का?

कागदावर झाले. जॉन क्लेन्सिन यांनी संपादित केलेली एसएमटीपीची नवी आवृत्ती एप्रिल २००१ मध्ये आली. ओळीचा शेवट चुकीच्या पद्धतीने करणाऱ्यांना सांभाळून घेण्याच्या रूढीने फायद्यापेक्षा घोळच जास्त केला आहे, असे तीत नोंदवले होते. सॉफ्टवेअर दणकट करण्याच्या नावाखालीसुद्धा सर्व्हरने हे करता कामा नये, असेही बजावले होते. रोख कोणत्या सूत्राकडे होता, हे सांगायला नको. ऑक्टोबर २००८ च्या आवृत्तीने बाउन्सबाबत एक कडवट वास्तव मान्य केले : स्पॅमच्या माऱ्यात काही मेल न कळवता टाकून दिले जातात. पण ते फार धोक्याचे आहे आणि मेल खरोखर घातक असल्याची पुरेशी खात्री असेल तरच करावे, अशी ताकीदही दिली.

प्रत्यक्षात काय झाले ते डिसेंबर २०२३ मध्ये कळले. ‘एसएमटीपी स्मगलिंग’ नावाची त्रुटी जाहीर झाली. मेलचा मजकूर संपला हे सांगणारी खूण पोस्टेल यांच्या १९८२ च्या नियमात नेमकी दिली होती. काही सर्व्हर त्या खुणेची अर्धवट रूपेही चालवून घेत होते. हल्लेखोर एका मेलच्या पोटात अशी अर्धवट खूण आणि तिच्यामागे दुसरा मेल लपवत. पाठवणाऱ्या सर्व्हरला तो एकच मेल दिसे, घेणाऱ्याला दोन. दुसरा बनावट मेल नामांकित कंपनीच्या सर्व्हरवरून आल्यासारखा भासे आणि काही तपासण्यांतूनही पार होई. पोस्टफिक्स, सेंडमेल आणि एक्झिम ही तिन्ही प्रमुख सॉफ्टवेअर यात सापडली. २००१ मध्ये ज्याला स्पष्ट मनाई केली होती, तेच २२ वर्षे चालू होते. जून २०२३ मध्ये निघालेल्या आरएफसी ९४१३ ने तर पोस्टेल यांच्या सूत्राचा आढावा घेऊन चुका सांभाळून घेण्याऐवजी त्या वेळीच दाखवून दुरुस्त कराव्यात, अशी बाजू मांडली होती.

पोस्टफिक्सने २०२४ च्या ३.९ आवृत्तीत जो तोडगा मूळ मांडणीतच घातला, तो पाहण्यासारखा आहे. मेल संपल्याची खूण तंतोतंत हवी, तिथे सूट नाही. मधल्या ओळी चुकीच्या पद्धतीने संपत असतील तर त्या मात्र सुधारून घेतल्या जातील. आणि या कडक अटीतूनही आपल्याच कार्यालयाच्या नेटवर्कवरच्या यंत्रांना सवलत आहे, कारण तिथे एखादा जुना स्कॅनर किंवा हजेरीचे यंत्र अजूनही जुन्याच पद्धतीने मेल पाठवत असते आणि ते कोणाचे, कोणत्या मजल्यावर आहे, हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला ठाऊक असते.